‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ : एका ग्रीक वैद्यकीय संज्ञेची अक्षररचना आणि उच्चारविचार

गोषवारा

वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांच्या अध्ययनात ग्रीक मूळ असलेल्या दीर्घ संज्ञांचा उच्चार हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांपुढील एक प्रमुख अडसर ठरतो. प्रस्तुत लेखात कान, नाक व घसा यांच्या शास्त्राला रूढ असलेली ‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ ही संज्ञा उदाहरणादाखल घेऊन तिची अर्थघटकांची रचना, अक्षरविभाजन, वर्णोच्चार आणि आघात यांचे विवेचन केले आहे. मराठी व्याकरणातील सामान्यरूप, अनुस्वाराचा परसवर्ण उच्चार आणि छंदशास्त्रातील लघु-गुरू विचार या परिचित संकल्पनांच्या आधारे अशा संज्ञा सुलभतेने शिकविता येतात, तसेच उच्चारातील सर्व चुका सारख्या महत्त्वाच्या नसतात, हे येथे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : वैद्यकीय परिभाषा, ग्रीक शब्दघटक, अक्षर, आघात, परसवर्ण, सामान्यरूप.

१. प्रस्तावना

युरोपीय वैद्यकाची परिभाषा प्रामुख्याने ग्रीक आणि लॅटिन या दोन भाषांवर उभी आहे. शरीराच्या अवयवांची नावे मोठ्या प्रमाणात लॅटिनमधून, तर रोग, शस्त्रक्रिया आणि शास्त्रशाखा यांची नावे मोठ्या प्रमाणात ग्रीकमधून आलेली आहेत. या संज्ञा लॅटिन लिपीचा वेश धारण करून इंग्रजीत आल्या आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर भारतात पोहोचल्या. परिणामी, मराठी विद्यार्थ्यापुढे येणारा शब्द हा मुळात ग्रीक, लेखनात लॅटिन आणि उच्चारात इंग्रजी असा तिहेरी असतो. त्याचे स्पेलिंग पाहून उच्चार कळत नाही आणि उच्चार ऐकून अर्थ कळत नाही.

याचे शैक्षणिक परिणाम दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तोंडी परीक्षेत उत्तर माहीत असूनही केवळ शब्द उच्चारता येत नाही म्हणून गप्प राहणारा विद्यार्थी महाविद्यालयीन अध्यापकांना अपरिचित नाही. अशा विद्यार्थ्याचे मौन अज्ञान समजले जाण्याचा धोका असतो. शब्द पाठ करून घेणे हा त्यावरील नेहमीचा उपाय होय. मात्र एक शब्द पाठ झाल्याने दुसरा शब्द सोपा होत नाही. त्यामुळे शब्दाची रचना समजावून देणे आवश्यक ठरते.

या दृष्टीने ‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ ही संज्ञा विशेष उपयुक्त आहे. इंग्रजी लेखनात तिची १९ अक्षरचिन्हे होतात. डॉक्टरांच्या नावाच्या पाटीवर दिसणाऱ्या ‘डी.ओ.आर.एल.’ या पदविकेच्या आद्याक्षरांत तीच दडलेली आहे. ग्रीक संज्ञांच्या उच्चारात येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका शब्दात एकत्र आढळतात.

२. संज्ञेचे अर्थघटक

सदर संज्ञेत चार ग्रीक घटक आहेत. पहिला ‘ओट्’, म्हणजे कान. दुसरा ‘ऱ्हिन्’, म्हणजे नाक. तिसरा ‘लॅरिंग्’, म्हणजे स्वरयंत्र. आणि चौथा ‘लॉजी’, जो ‘लोगोस्’ या शब्दापासून आला असून शास्त्र अथवा अभ्यास या अर्थी वापरला जातो. संस्कृत-मराठी समासविचारानुसार पहिल्या तीन घटकांचा इतरेतर द्वंद्व समास होतो आणि त्या द्वंद्वाचा शास्त्रवाचक पदाशी षष्ठी तत्पुरुष होतो : कान, नाक आणि स्वरयंत्र यांचे शास्त्र.

मराठीतील ‘कान-नाक-घसा’ या शब्दप्रयोगात घटकांचा क्रम तोच आहे. जर्मन भाषेत मात्र हा क्रम उलटा असून तेथे घसा, नाक, कान अशी रचना रूढ आहे. येथे एक सूक्ष्म अर्थभेद लक्षात घ्यावा लागतो. ‘लॅरिंक्स’ म्हणजे काटेकोरपणे स्वरयंत्र. मराठीतील ‘घसा’ या शब्दात स्वरयंत्राबरोबर ग्रसनीचाही समावेश होतो. वैद्यकाची ही शाखा दोन्हींचा अभ्यास करते. त्यामुळे शाखेच्या व्याप्तीचा विचार करता ग्रीक नावापेक्षा मराठी नाव अधिक नेमके आहे, असे म्हणता येईल.

हे तीन अवयव एकाच शाखेत येण्यास शरीररचनेचे कारण आहे. मध्यकर्ण आणि नाकामागील ग्रसनीचा भाग हे युस्टेशियन नलिकेने जोडलेले असतात. म्हणूनच सर्दीमध्ये कान दडे बसल्यासारखा होतो. तरीही कानाचे शास्त्र व स्वरयंत्राचे शास्त्र यांचा विकास आरंभी स्वतंत्रपणे झाला. मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये लहान आरशाच्या साहाय्याने स्वतःच्या स्वरतंतूंचे निरीक्षण केले आणि १८५५ मध्ये त्याचे निष्कर्ष लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. त्यानंतर स्वरयंत्राच्या तपासणीला गती मिळाली. पुढे या शाखा एकत्र येत गेल्या, तशी त्यांची नावेही एकमेकांना जोडली गेली. संज्ञेची लांबी ही अशा रीतीने शास्त्राच्या इतिहासाची खूण आहे.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘शालाक्यतंत्र’ हे अंग कान, नाक, मुख आणि डोळे यांच्या रोगांचा विचार करते. त्याचे नाव ‘शलाका’ या उपकरणावरून पडले आहे. ग्रीक पद्धतीत मात्र अवयवांची नावे ओळीने मांडून शाखेचे नाव सिद्ध होते. एकेक घटक ओळखला की अर्थ उलगडतो, हा या दुसऱ्या पद्धतीचा शैक्षणिक लाभ होय.

३. सामान्यरूप आणि जोडस्वर

ग्रीक भाषेत कानाला ‘ऊस्’ म्हणतात. मग संज्ञेत ‘ओट्’ कोठून आला, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थी विचारू शकतो. त्याचे उत्तर मराठी व्याकरणाच्या आधारे सहज देता येते. मराठीत ‘घोडा’ या नामाला विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे ‘घोड्या-’ असे सामान्यरूप होते. ‘पाणी’चे ‘पाण्या-’ होते. ग्रीक नामाचेही असेच आहे. ‘ऊस्’ची षष्ठी ‘ओतोस्’, ‘ऱ्हीस्’ची षष्ठी ‘ऱ्हीनोस्’ आणि ‘लारुङ्क्स्’ची षष्ठी ‘लारुङ्गोस्’ अशी होते. षष्ठीच्या रूपातील ‘-ओस्’ हा प्रत्यय काढल्यावर जे उरते, ते समासात येणारे अंग होय. ‘लॅरिंक्स’ या नामात ऐकू येणारा ‘क्स’ हा ‘लॅरिंगॉलॉजी’त का दिसत नाही, याचाही उलगडा यातून होतो.

दोन घटकांमध्ये येणारा ‘ओ’ हा जोडस्वर आहे. त्याला स्वतःचा अर्थ नाही. दोन व्यंजने एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो येतो. पुढील प्रत्यय स्वरानेच सुरू होत असेल, तर त्याची सहसा गरज पडत नाही. म्हणूनच कानाच्या दाहास ‘ओटायटिस’, नाकाच्या दाहास ‘ऱ्हायनायटिस’ आणि स्वरयंत्राच्या दाहास ‘लॅरिंजायटिस’ म्हणतात. तेथे जोडस्वर नाही. हा नियम कळला की विद्यार्थी अनोळखी संज्ञाही योग्य ठिकाणी तोडू लागतो.

४. अक्षरविभाजन

मराठीत ‘अक्षर’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. देवनागरीत लिहिले जाणारे एक चिन्ह म्हणजे अक्षर, आणि एका दमात उच्चारला जाणारा, एका स्वराभोवती गुंफलेला ध्वनिसमूह म्हणजेही अक्षर. या लेखापुरते पहिल्यास ‘लेखनाक्षर’ आणि दुसऱ्यास ‘उच्चाराक्षर’ म्हणणे सोयीचे होईल. दोहोंची संख्या नेहमी सारखी नसते. ‘गाय’ या शब्दात लेखनाक्षरे दोन, परंतु उच्चाराक्षर एकच. कारण अंत्य ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘कान-नाक-घसा’ या पदात लेखनाक्षरे सहा आणि उच्चाराक्षरे चार : कान्, नाक्, घ, सा.

हीच कसोटी प्रस्तुत संज्ञेला लावली असता देवनागरी लेखनात दहा लेखनाक्षरे मिळतात : ओ, टो, ऱ्हा, य, नो, लॅ, रिं, गॉ, लॉ, जी. उच्चाराक्षरे मात्र नऊ आहेत. कारण ‘ऱ्हाय’ हे ‘गाय’प्रमाणे एकच उच्चाराक्षर आहे. विद्यार्थी ‘ऱ्हा-य-नो’ अशी फोड करून ‘य’ला स्वतंत्र ठसका देतो, तेव्हा शब्द एका अक्षराने लांबतो आणि त्याचा ताल बिघडतो. या चुकीचे कारण इंग्रजीच्या अज्ञानात नसून लेखनाक्षर हेच उच्चाराक्षर मानण्यात आहे. म्हणून ती मराठीतील उदाहरणानेच दूर करता येते.

या नऊ उच्चाराक्षरांची गटवारी पुढीलप्रमाणे करता येते :

ओ-टो । ऱ्हाय-नो । लॅ-रिं । गॉ-लॉ-जी

म्हणजे दोन, दोन, दोन आणि तीन. पहिले दोन गट अर्थघटकांशी जुळतात : ‘ओटो’ कानाचा, ‘ऱ्हायनो’ नाकाचा. तिसऱ्या गटात मात्र अर्थाची सीमा आणि उच्चाराची सीमा वेगळी होते. अर्थदृष्ट्या घटक ‘लॅरिंग्’ असा आहे. त्यातील ‘ग्’ उच्चारात पुढील जोडस्वराला जाऊन मिळतो आणि ‘गॉ’ हे अक्षर तयार होते. संस्कृत शब्दांतही असेच घडते. ‘जगत् + ईश’ या पदांचा संधी होऊन ‘जगदीश’ झाल्यावर मधले व्यंजन अर्थाने पहिल्या पदाचे असते, परंतु उच्चाराने ते ‘दी’ या अक्षरात जाते. अर्थासाठी एक फोड आणि उच्चारासाठी दुसरी फोड, असे दोन स्वतंत्र विभाजन फळ्यावर एकाखाली एक मांडणे हे अशा संज्ञांच्या अध्यापनातील महत्त्वाचे पाऊल होय.

५. ‘ग’ आणि ‘ज’ : अनुस्वाराचे साहाय्य

प्रस्तुत संज्ञेच्या इंग्रजी लेखनात ‘जी’ हे चिन्ह दोनदा येते. पहिल्या ठिकाणी त्याचा उच्चार ‘ग’ होतो, तर दुसऱ्या ठिकाणी ‘ज’. यामागील नियम सरळ आहे. ग्रीक-लॅटिन मूळ असलेल्या शब्दांत ‘जी’पुढे ए, ओ, यू यांपैकी स्वरचिन्ह असल्यास सामान्यतः ‘ग’ उच्चार होतो. ई, आय किंवा वाय असल्यास ‘ज’ उच्चार होतो. म्हणून ‘लॅरिंगॉलॉजी’, परंतु ‘लॅरिंजायटिस’. ‘लॅरिंगॉटमी’, परंतु ‘लॅरिंजेक्टमी’. मूळ ग्रीकमध्ये या सर्व ठिकाणी एकच वर्ण होता. भेद नंतरच्या काळातील आहे.

याच ठिकाणी अनुनासिकाचा प्रश्न येतो. ग्रीक लेखनात ‘लारुङ्गोस्’ या रूपात ‘गॅमा’ हा वर्ण दोनदा लिहिला जातो. कंठ्य वर्णापूर्वी येणाऱ्या गॅमाचा उच्चार ‘ङ्’ असा होतो, हा ग्रीक भाषेचा नियम आहे. लॅटिन लिपीत त्या जागी ‘एन’ हे चिन्ह आले. मराठी वाचकाला हा नियम नवा वाटण्याचे कारण नाही. ‘गंगा’ या शब्दातील अनुस्वाराचा उच्चार ‘ङ्’ होतो, ‘पंच’मधील ‘ञ्’ होतो आणि ‘अंत’मधील ‘न्’ होतो. पुढील वर्णाच्या वर्गानुसार अनुस्वार बदलतो. यालाच परसवर्ण म्हणतात.

त्यामुळे ‘लॅरिंगॉलॉजी’ असे देवनागरीत लिहिताच मराठी विद्यार्थी आपोआप ‘ङ्ग’ असा योग्य उच्चार करतो, आणि ‘लॅरिंजायटिस’ लिहिताच ‘ञ्ज’ असा. इंग्रजी स्पेलिंगवरून वाचताना ‘लॅरिन-गो’ असा तुटक उच्चार करणारा विद्यार्थी देवनागरीतून वाचताना ती चूक करत नाही. परदेशी शब्दासाठी देवनागरी अपुरी पडते, असे विधान सरसकट केले जाते. प्रस्तुत उदाहरणात मात्र ती लॅटिन लिपीपेक्षा अधिक अचूक ठरते. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे इंग्रजी उच्चारांसाठी मराठीने स्वीकारलेले स्वर येथे ‘लॅ’ व ‘गॉ’ या अक्षरांत उपयोगी पडतात.

६. ‘ऱ्ह’चा प्रश्न

ग्रीक शब्दारंभी येणारा ‘ऱ्हो’ हा वर्ण महाप्राण होता. लॅटिन लेखकांनी तो दर्शविण्यासाठी ‘आर-एच’ अशी जोडी योजली. इंग्रजीत या जोडीतील ‘एच’ मूक झाला आणि उच्चार केवळ ‘र’ उरला. गेंड्याचे इंग्रजी नाव याच नासिकावाचक घटकाला शिंगवाचक घटक जोडून तयार झाले आहे; तेथेही ‘एच’ मूकच आहे.

मराठीत ‘ऱ्ह’ हे जोडाक्षर ‘ऱ्हस्व’, ‘ऱ्हास’, ‘कऱ्हाड’ अशा शब्दांत पूर्वापार आहे. म्हणून ‘ऱ्हायनो’ हे लेखन मराठी डोळ्याला खटकत नाही. इंग्रजी उच्चाराच्या दृष्टीने ‘रायनो’ हे लेखन जवळचे, तर मूळ शब्द आणि स्पेलिंग यांच्या दृष्टीने ‘ऱ्हायनो’ जवळचे आहे. दोहोंपैकी कोणतेही एक लेखन स्वीकारले तरी चालेल. एका पाठ्यपुस्तकात वा एका वर्गात एकच रूप सातत्याने वापरले जावे, एवढेच पाहणे आवश्यक आहे. मात्र स्पेलिंग शिकविताना हा मूक ‘एच’ आवर्जून दाखवावा लागतो. समासात हा वर्ण स्वरापुढे आला तर ग्रीकमध्ये त्याचे द्वित्व होई. अतिसार, रक्तस्राव आणि कान वाहणे यांच्या ग्रीकोद्भव संज्ञांत म्हणूनच दोन ‘आर’ आणि एक ‘एच’ येतो. प्रस्तुत संज्ञेच्या इंग्रजी रूपात मात्र एकच ‘आर’ आहे. स्पॅनिश रूपात तो दुहेरी आढळतो.

७. आघातविचार

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे मराठी भाषक दीर्घ शब्दातील सर्व अक्षरांना जवळजवळ सारखे वजन देतो. इंग्रजीत मात्र एका अक्षरावर मुख्य आघात असतो आणि तो चुकल्यास श्रोत्याला शब्द ओळखणे जड जाते. प्रस्तुत संज्ञेत मुख्य आघात सातव्या अक्षरावर, म्हणजे ‘गॉ’वर पडतो. पहिले, तिसरे आणि पाचवे ही अक्षरे, म्हणजे ‘ओ’, ‘ऱ्हाय’ आणि ‘लॅ’, गौण आघात घेतात. वर दिलेल्या चार गटांपैकी प्रत्येक गटाचे पहिले अक्षर आघातयुक्त आहे, हे यावरून दिसून येईल.

येथे एक लक्षणीय गोष्ट आढळते. ‘गॉ’मधील स्वर हा तोच अर्थहीन जोडस्वर आहे. अर्थाच्या दृष्टीने ज्याला काहीच मूल्य नाही, त्यावरच उच्चाराचा सर्वाधिक भार आहे. अर्थाची फोड तेवढी शिकविल्यास उच्चार का साधत नाही, याचे कारण यात सापडते. अर्थावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी ‘कान, नाक, स्वरयंत्र’ यांच्या घटकांवर जोर देतो आणि जोडस्वर गिळून टाकतो.

आघाताचे स्थान ठरविणारा नियम लॅटिनमधून आला असून तो छंदशास्त्र जाणणाऱ्या वाचकास परिचित वाटेल. उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर. ते लघू असेल तर आघात त्याच्या मागील, म्हणजे शेवटून तिसऱ्या अक्षरावर. अक्षर गुरू केव्हा ठरते, हेही दोन्ही परंपरांत जवळपास सारखे आहे : स्वर दीर्घ असेल किंवा त्यापुढे जोडाक्षर असेल तेव्हा. ‘-आयटिस’ या प्रत्ययातील पहिला स्वर मुळात दीर्घ असल्याने ‘लॅरिंजायटिस’मध्ये आघात उपान्त्य ‘जाय’वर येतो. ‘-ओसिस’ आणि ‘-ओमा’ या प्रत्ययांतही उपान्त्य ‘ओ’ दीर्घ असल्याने आघात त्यावरच असतो. याउलट ‘-लॉजी’, ‘-टमी’, ‘-स्कपी’ यांनी संपणाऱ्या संज्ञांत उपान्त्य अक्षर लघू मानले जाते. म्हणून आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर जातो.

या नियमाचा पडताळा साधित शब्दांत घेता येतो. ‘लॅरिंगोस्कोप’ या उपकरणाच्या नावात चार अक्षरे असून आघात ‘रिं’वर आहे. त्याच उपकरणाने केल्या जाणाऱ्या तपासणीचे नाव ‘लॅरिंगॉस्कपी’. त्यात एक अक्षर वाढते आणि आघात ‘गॉस्’वर सरकतो. दोन्ही ठिकाणी तो शेवटून तिसऱ्या अक्षरावरच आहे. तसेच ‘-लॉजी’ ऐवजी ‘-लॉजिकल’ हे विशेषण घेतल्यास अक्षरे दहा होतात आणि आघात ‘गॉ’वरून ‘लॉ’वर जातो. म्हणजे आघात शब्दाच्या आरंभापासून मोजायचा नसून शेवटापासून मोजायचा आहे. शब्द कितीही लांब असला तरी शेवटची तीन अक्षरे पाहिली की आघात सापडतो. ही बाब विद्यार्थ्याचे भय बऱ्याच अंशी कमी करते.

८. चुकांचे तारतम्य

उच्चाराच्या सर्व चुका एकाच मापाने मोजणे अध्यापनदृष्ट्या योग्य नाही. त्यांचे तीन स्तर करता येतात.

पहिला स्तर बोलीच्या छटेचा. ‘लॉजी’मधील ‘लॉ’ इंग्रजीत आघातहीन असल्याने अस्फुट ‘ल’सारखा ऐकू येतो, मराठी भाषक तो पूर्ण ‘लॉ’ म्हणतो. ‘ऱ्हायनो’तील ‘ह’ मराठीत किंचित ऐकू येतो. इंग्रजीतील ‘ट’ आणि मराठीतील मूर्धन्य ‘ट’ यांत फरक आहे. या भेदांमुळे अर्थ बिघडत नाही आणि आकलनही अडत नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला थांबवून सुधारणे अनावश्यक आहे. त्याने त्याचा आत्मविश्वास मात्र खचतो.

दुसरा स्तर रचनेच्या चुकांचा. एखादे अक्षर गळणे, वाढणे किंवा वर्णांची अदलाबदल होणे या चुका यात येतात. ‘लॅरिंक्स’ऐवजी ‘लॅर्निक्स’ असा उच्चार इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या तोंडीही ऐकू येतो. हा वर्णविपर्यय असून मराठीत ‘चिकटणे’चे ‘चिटकणे’ होते त्याच जातीचा आहे. घटक गळण्याबाबत मात्र विवेक हवा. ‘ऱ्हायनो’ वगळून होणारे ‘ओटोलॅरिंगॉलॉजी’ हे सात अक्षरांचे रूप अमेरिकेत प्रमाण म्हणून रूढ आहे. ती चूक नव्हे. ‘लॅरिंग्’ गाळल्यास मात्र शाखेचे एक अंगच नाहीसे होते.

तिसरा स्तर अर्थ बदलणाऱ्या चुकांचा, आणि खरी दक्षता येथेच हवी. ‘लॅरिंगॉटमी’ म्हणजे स्वरयंत्राला छेद देणे. ‘लॅरिंजेक्टमी’ म्हणजे स्वरयंत्र काढून टाकणे. संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर रुग्णाचा नैसर्गिक आवाज जातो आणि त्याला मानेवरील छिद्रातून श्वास घ्यावा लागतो. दोन शब्दांत फरक केवळ ‘गॉ’ आणि ‘जेक्’ या एका अक्षराचा आहे. ‘ट्रॅकिऑटमी’ म्हणजे श्वासनलिकेला छेद आणि ‘ट्रॅकिऑस्टमी’ म्हणजे तेथे ठेवलेले मुख. व्यवहारात हे दोन शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जात असले, तरी त्यांचे घटक भिन्न आहेत. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांतील गोंधळ अधिक गंभीर होय. ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर कमी होणे, तर ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे ती वाढणे. पहिल्या स्थितीत रुग्णाला साखर द्यावी लागते, दुसऱ्या स्थितीत ती देणे अपायकारक ठरते. दूरध्वनीवरून सूचना घेणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने हा भेद केवळ भाषिक राहत नाही. मराठी भाषक ‘र’चा स्पष्ट उच्चार करतो, ज्या इंग्रजी उच्चारपद्धतीत अंत्य ‘र’ लोप पावतो तिच्या तुलनेत येथे मराठी वळणाचा उच्चार अधिक सुरक्षित आहे, हे विद्यार्थ्यांच्या निदर्शनास आणून द्यावे.

९. अध्यापनासाठी क्रम

वरील विवेचनाच्या आधारे दीर्घ ग्रीक संज्ञा शिकविण्याचा पुढील क्रम सुचविता येईल. प्रथम संज्ञा देवनागरीत लिहावी आणि तिची अर्थानुसार फोड करावी. त्याखाली उच्चाराक्षरांची फोड लिहून दोन्हींतील सीमा कोठे वेगळ्या होतात ते दाखवावे. नंतर शेवटची तीन अक्षरे पाहून आघाताचे स्थान निश्चित करावे. उच्चाराचा सराव शेवटाकडून आरंभाकडे घ्यावा : प्रथम ‘गॉलॉजी’, मग ‘लॅरिंगॉलॉजी’, मग ‘ऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ आणि अखेरीस पूर्ण शब्द. असे केल्याने मुख्य आघात प्रत्येक टप्प्यावर आपल्या जागी राहतो. सर्वांत शेवटी इंग्रजी स्पेलिंग द्यावे आणि मूक ‘एच’ तसेच ‘जी’चे दोन उच्चार यांकडे लक्ष वेधावे. त्याच घटकांपासून बनलेल्या दोन-तीन अनोळखी संज्ञा देऊन विद्यार्थ्यांकडून त्यांची फोड करून घेतल्यास आकलनाची खात्री पटते.

हा विषय आज अधिक प्रसंगोचित आहे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकीय पदवीच्या प्रथम वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत अनेक इंग्रजी संज्ञा देवनागरी लिपीत तशाच ठेवण्यात आल्या. मराठीत असे प्रयत्न व्हावयाचे असल्यास पर्यायी शब्दांबरोबरच मूळ संज्ञांच्या देवनागरी लेखनाचेही निश्चित संकेत ठरविणे क्रमप्राप्त आहे. रुग्णाशी बोलताना ‘कान-नाक-घसा’ आणि वैद्यकीय नोंदीत ‘ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी’ अशी दोन्ही रूपे विद्यार्थ्याच्या जिभेवर असणे इष्ट आहे.

१०. निष्कर्ष

१. दीर्घ ग्रीक संज्ञेची अर्थघटकांची फोड आणि उच्चाराक्षरांची फोड या दोन स्वतंत्र बाबी असून दोन्ही शिकविणे आवश्यक आहे.

२. सामान्यरूप, परसवर्ण आणि लघु-गुरू या संकल्पना मराठी विद्यार्थ्याला शालेय वयापासून परिचित असतात. त्यांच्या आधारे ग्रीक अंग, अनुनासिक आणि आघात यांचे नियम समजावून देता येतात.

३. योग्य लेखनसंकेत पाळल्यास देवनागरी ही अशा संज्ञांच्या उच्चाराचे विश्वसनीय साधन ठरते. मात्र लेखनाक्षर आणि उच्चाराक्षर यांतील भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट करून द्यावा लागतो.

४. उच्चारदोषांचे मूल्यमापन अर्थहानीच्या निकषावर व्हावे. बोलीची छटा हा दोष मानू नये. अर्थ बदलणाऱ्या अक्षराबाबत मात्र तडजोड करू नये.

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वैद्यकीय संज्ञांपुढे रिकाम्या हाताने उभा नसतो. त्या संज्ञा उकलण्याची साधने त्याच्या स्वतःच्या भाषेच्या व्याकरणात आहेत. त्यांची जाणीव करून देणे हे केवळ भाषाविषयाच्या अध्यापकाचे काम नसून प्रत्येक विज्ञानविषयाच्या अध्यापकाचेही आहे.